संघकार्य, अभियांत्रिकी शिक्षणातील

अभियांत्रिकी पदवीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र काम करत शिकावे यासाठी वापरल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धती आणि त्या पद्धतींचा खरोखर काय परिणाम होतो हे तपासणारे संशोधन. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी मुंबई) आणि सांगली जिल्ह्यातील राजारामनगर या दोन ठिकाणांभोवती वाढले. त्याची गरज मात्र मुंबईतल्या नायगाव-माटुंग्यासारख्या शहरी वस्तीतल्या, रोज लोकलने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक आहे.

नायगावपासून जवळच असलेली वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था (व्हीजेटीआय) १८८७ मध्ये भायखळ्याला ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ या नावाने सुरू झाली, १९२३ मध्ये माटुंग्याला आली आणि १९९७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. गिरण्यांच्या शहरात उभ्या राहिलेल्या अशा संस्थांत वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलच्या बॅचमुळे विद्यार्थी नेहमीच गटाने काम करत आले. पण एका यंत्राभोवती चौघे उभे राहिले म्हणजे चौघेही शिकले, हे गृहीतच धरले गेले. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची अवस्था सर्वांच्या ओळखीची आहे : एकजण काम करतो, बाकीचे नाव लावतात आणि व्हायवाच्या आदल्या रात्री अहवाल वाटून पाठ होतो.

या दुखण्याचे शास्त्रीय निदान फार जुने आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांवरून दाखवले (प्रकाशन १९१३) की माणसे वाढत जातात तशी प्रत्येकाची सरासरी ओढ कमी होते. काही घट ताळमेळ न बसल्याने होते; पण आपला वाटा वेगळा मोजला जाणार नाही हे कळले की माणूस अंग चोरतो, हे १९७९ मध्ये बिब लाटाने आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवले. अभियांत्रिकीच्या वर्गासाठी त्यावरचे उपाय बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर, रिबेका ब्रेंट आणि इमाद एल्हाज यांच्या २००४ च्या लेखात सविस्तर आहेत. गट मित्रांनी आपसांत पाडू नयेत, शिक्षकाने पाडावेत. त्यात वेगवेगळ्या कुवतीचे विद्यार्थी असावेत. गटाने आपले नियम सुरुवातीलाच लिहून त्यांवर सही करावी. आणि सहकाऱ्यांच्या मूल्यमापनावरून प्रत्येकाचे गुण कमी-जास्त व्हावेत. पर्ड्यू विद्यापीठात मॅथ्यू ओहलंड यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ‘केटमी’ ही संगणकीय प्रणाली असे परस्पर-मूल्यमापन करून देते.

ओकली आणि सहकाऱ्यांच्या लेखातली आणखी एक अट मुंबईत कळीची ठरते : गटातल्या सर्वांना वर्गाबाहेर भेटण्यासाठी समान मोकळा वेळ हवा. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना तो मिळतो. नायगावच्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे चौघांचा गट लॅपटॉप घेऊन कुठे बसणार? दुसरा सदस्य विरारचा, तिसरा कल्याणचा असेल तर संध्याकाळी सहानंतर भेट अशक्यच. म्हणून मुंबईतल्या महाविद्यालयांनी गटाचे काम वेळापत्रकातच बसवले पाहिजे. ते घरी ढकलणे म्हणजे ज्याच्या घरी जागा आहे त्याला आगाऊ गुण देणे होय.

वर्गातल्या वर्गात हे कसे जमते याचा भक्कम पुरावा पवईहून आला. आयआयटी मुंबईत २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या अदिती कोठियाल, ऋत्विजित मजुमदार, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी प्रथम वर्षाच्या संगणक-प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात ‘थिंक-पेअर-शेअर’ ही पद्धत तपासली. अमेरिकेतील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून उत्तर लिहितो, मग शेजाऱ्याशी ताडून पाहतो आणि शेवटी सगळा वर्ग चर्चा करतो. निरीक्षकांनी १० आठवडे, १३ उपक्रमांत विद्यार्थी काय करतात ते टिपले. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले (२०१३). पुढच्या अभ्यासात या पद्धतीने शिकलेला गट चाचणीतही सरस ठरला (२०१४). पायऱ्या लावून बसवलेले, खिळलेल्या बाकांचे व्याख्यानगृह अडसर ठरले नाही, ही यातली मोलाची गोष्ट. एकट्याने लिहिण्याची पहिली पायरी वगळली तर मात्र जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. मराठी माध्यमातून आलेल्या, भर वर्गात इंग्रजीत तोंड उघडायला कचरणाऱ्या मुलामुलींसाठी शेजाऱ्याशी मराठीत शंका बोलून घेण्याची ती दोन मिनिटे फार मोलाची असतात.

भारत १३ जून २०१४ रोजी राष्ट्रीय मूल्यांकन मंडळामार्फत (एनबीए) अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यानंतर अभ्यासक्रमाच्या तेव्हाच्या १२ फलितांपैकी ‘वैयक्तिक व संघकार्य’ हे नववे फलित मूल्यांकनाच्या फायलींत अपरिहार्य झाले. अनेक ठिकाणी ते तक्त्यातल्या एका आकड्यापुरते उरते, कारण ते शिकवायचे कसे हे शिक्षकांनाच कोणी शिकवलेले नसते. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने या उणिवेवर थेट बोट ठेवले : विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेप्रमाणे महाविद्यालयांतील शिक्षकांनाही चौघांच्या संघात प्रत्यक्ष काम देऊन प्रशिक्षण दिले जाते. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दूरस्थ केंद्रांतून घेतलेल्या कार्यशाळांनी देशभरच्या हजारो अभियांत्रिकी शिक्षकांपर्यंत नव्या अध्यापनपद्धती पोहोचवल्या.

शिक्षकांनी स्वतःच्या वर्गातले प्रयोग लिहून काढावेत यासाठी राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ हे नियतकालिक प्रसिद्ध होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील शिक्षकही त्यात लिहितात. त्यांच्या वर्गांतले विद्यार्थी एसटीने येतात, प्रयोगशाळेत यंत्रे मोजकी असतात आणि एका बॅचला थोड्या वेळात काम उरकावे लागते. नायगावच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील अशी उत्तरे परदेशी ग्रंथांपेक्षा इथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.