बांज जळला नाही

१९२१ साली, मकरसंक्रांतीच्या दिवशी, बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत कुमाऊंच्या लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. त्याच उन्हाळ्यात तिथली राखीव जंगले पेटली. वणवे लावलेले होते, याबद्दल सरकारला शंका नव्हती. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी पुढे एका गोष्टीकडे लक्ष वेधले. जळाली ती मुख्यतः चीडची जंगले. बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याची जंगलेही सरकारच्याच ताब्यात होती, पण तिथे आग पोचल्याचा पुरावा नाही.

चीडपासून सरकारला राळ आणि लाकूड मिळे. त्याच्या सुया मात्र गुरे खात नाहीत. बांज सदाहरित. (मराठी कानाला या नावात ‘वांझ’ ऐकू येते, हे झाड मात्र छाटले की पुन्हा फुटते.) हिवाळ्यात डोंगरउतारावरचे गवत संपले की बायका दरांती, म्हणजे विळा, घेऊन झाडावर चढत आणि पाल्याच्या डहाळ्या उतरवत. शेंडा राखला तर झाड तगते. पाला गाई-म्हशींपुढे पडे, उरलेला गोठ्यात अंथरला जाई आणि शेणात मिसळून खत होऊन शेतात जाई. झाडाची छाटणी हा शेतीचाच भाग होता.

वनखात्याला ती झाडाची नासधूस वाटे. १८९३ साली गावांभोवतीची मोजणी न झालेली सगळी जमीन सरकारने संरक्षित जंगल ठरवली. १९११ ते १९१७ या काळात मोठा प्रदेश राखीव झाला आणि चराई व फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. आपल्याकडे हा वाद आधीच होऊन गेला होता. ठाणे-कुलाब्यात भाताच्या राबासाठी टहाळ तोडण्यावरून असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. तिथे पाला जाळायचा, इथे चारायचा, तक्रार एकच.

अधिकारी अगदीच खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. दरवर्षी ओरबाडलेला बांज खुरटतो, त्याला फळ धरत नाही, आणि मोकळ्या जागेत चीड शिरतो. पण शेताच्या बांधावरचा भीमल (आपल्या धामणीच्या कुळातला) पिढ्यान्‌पिढ्या छाटला जाऊनही टिकला, कारण तो कोणाचा हे ठरलेले होते. राखीव जंगलात नेमके तेच पुसले गेले. उद्या पाला मिळेल याची खात्री नसेल, तर आज शेंडा कोण राखेल?

वणव्यांच्या वर्षीच सरकारने तक्रारींसाठी समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर राखीव जंगलाचा बराच भाग वनखात्याकडून महसूल खात्याकडे गेला, आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले. अशा काही पंचायतींत बांजाचे रान हिवाळ्यात ठरावीक दिवसच खुले होते. राखणदार गावाचाच असतो.