गायींच्या कुरणातलं गोल्फ आणि काउंटरवरचे ७५ सेंट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलता बोलता जे घसरलो होतो, ते इथे जरा सरळ केलंय.

तर, मागे कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं होतं. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य, रालेजवळचं केरी गाव. तिथे आपली मराठी मंडळी भरपूर. एका शनिवारी टीममधले आम्ही चौघं गाडी काढून दीड तासावरच्या पाइनहर्स्टला गेलो. गोल्फवाल्यांसाठी हे गाव म्हणजे पंढरपूरच. इथल्या ‘नंबर टू’ कोर्सवर १९९९, २००५, २०१४ आणि २०२४ अशा चार वेळा पुरुषांची यू.एस. ओपन झालीय. मी मात्र आयुष्यात फक्त गल्ली क्रिकेट खेळलेला!

नवशिक्यांसाठी तिथे ‘क्रेडल’ नावाचा छोटा कोर्स आहे. क्रेडल म्हणजे पाळणा. नऊ होल, सगळे मिळून फक्त ७८९ यार्ड. गाणी चालू असतात, लहान मुलं पळत असतात. माझा पहिला चेंडू झुडपात गेला, दुसरा मित्राच्या बुटावर. तरी मजा आली. नंतर क्लब हाउसच्या व्हरांड्यात जेवायला बसलो. समोर नंबर टूचा अठरावा होल. कुणाचा चेंडू खळग्यात पडला की जेवणारी माणसं काटे-चमचे खाली ठेवून टाळ्या वाजवतात. मी व्हेज काय आहे ते विचारलं आणि फ्राइज खात टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर या जागेबद्दल वाचायला घेतलं आणि झोप उडाली.

पाइनहर्स्ट वसवलं जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी. बॉस्टनचा माणूस. धंदा काय, तर सोडा मशीन बनवण्याचा. औषधांच्या दुकानांत संगमरवराची, चकचकीत नळांची मशीन असायची ना, ती. त्यात बक्कळ पैसा कमावला आणि १८९५ मध्ये त्यांनी इथे साडेपाच हजार एकरांहून जास्त जमीन घेतली, एकरी साधारण एका डॉलरला. इतकी स्वस्त कशी? कारण पाइनची झाडं तोडून नेली होती, उरली होती नुसती वाळू.

त्यांना तिथे आजाऱ्यांसाठी गाव वसवायचं होतं. आपल्याकडे हवापालट करायला पाचगणीला जायचे, तसंच. उत्तरेतल्या थंडीत खोकणाऱ्या, खिशाने मध्यम असलेल्या माणसांनी यावं आणि पाइनच्या हवेत बरं व्हावं. गावाचा आराखडा केला ऑल्मस्टेड यांच्या कंपनीने, म्हणजे ज्यांनी न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं त्यांच्या. १८९५ च्या शेवटच्या दिवशी ‘हॉली इन’ हे पहिलं हॉटेल उघडलं.

पण क्षयरोग संसर्गाने पसरतो, हे तोवर डॉक्टरांना पटत चाललं होतं. काही वर्षांतच टफ्ट्सनी धोरण बदललं आणि क्षयाच्या रुग्णांना पाइनहर्स्टची दारं बंद झाली. ज्यांच्यासाठी घर बांधलं, तेच पहिले बाहेर. वैद्यकाच्या दृष्टीने चूक म्हणता येणार नाही, पण मला ते वाचून कसंतरीच झालं.

मग बरे असलेले पाहुणे दिवसभर करणार काय? १८९७ च्या सुमाराला तक्रार आली की पाहुणे डेअरीच्या कुरणात पांढरे चेंडू मारतात आणि गायी बिथरतात. टफ्ट्सनी पाहुण्यांवर ओरडण्याऐवजी १८९८ मध्ये नऊ होलचा कोर्स बनवून टाकला. १९०० मध्ये स्कॉटलंडच्या डॉर्नोकहून डोनाल्ड रॉस आले आणि १९०७ मध्ये नंबर टू पूर्ण झाला. तेव्हा तिथली ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत जागा, गवताची नव्हतीच. वाळूची होती. गवत आलं १९३० च्या दशकात.

आता खेळणाऱ्यांच्या बॅगा कोण उचलायचं? बहुतेक काळी माणसं आणि पोरं. त्यातला एक विली मॅकरे. १९४३ मध्ये, दहा वर्षांचा असताना कॅडी झाला आणि सत्तरहून जास्त वर्षं तेच काम केलं. १९५१ ची रायडर कप स्पर्धा पाइनहर्स्टलाच झाली, त्यातही त्याने बॅग उचलली. आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत कलम होतं, सभासद फक्त गोरा. १९३४ मध्ये घातलं, १९६१ मध्ये काढलं. म्हणजे कोणता फटका कुठे मारायचा हे विलीने सांगायचं, पण सभासद मात्र व्हायचं नाही.

याच राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. ७ डिसेंबर १९५५. डॉ. जॉर्ज सिम्किन्स, पेशाने दंतवैद्य, पाच मित्रांना घेऊन गिलेस्पी पार्क या सार्वजनिक कोर्सवर गेले. काळे म्हणून नकार मिळाला. त्यांनी फीचे ७५ सेंट काउंटरवर ठेवले आणि सरळ खेळायला लागले. अटक झाली. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६० मध्ये ते ५ विरुद्ध ४ मतांनी हरले! पुढे गव्हर्नरने शिक्षा कमी केली. तो कोर्स सगळ्यांसाठी उघडला १९६२ मध्ये, सात वर्षांनी.

आणि जेवण? १ फेब्रुवारी १९६० ला त्याच ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या लंच काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. दिली नाही. ते उठले नाहीत. असे काउंटर आले कुठून, तर सोडा मशीनभोवतीच्या बैठकीतून. म्हणजे टफ्ट्सच्या धंद्याचेच वारस! हॉटेलात आणि उपाहारगृहात कुणालाही रंगावरून नाकारता येणार नाही, असा देशाचा कायदा आला १९६४ मध्ये.

मंडळी, त्या शनिवारी मी, एक सावळा मराठी पोरगा, काउंटरवर कार्ड टेकवलं आणि आत गेलो. कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मला ते अगदी साधं वाटलं होतं. आता वाटतं, माझ्या कार्डाच्या आधी तिथल्या काउंटरांवर कुणाचे तरी ७५ सेंट पडलेले होते.

आता तुमचं काम. तुमच्या गावात जुना क्लब किंवा जिमखाना असेल, तर घरातल्या आजी-आजोबांना विचारा, तेव्हा आत कोण जाऊ शकायचं आणि गेटवर कोण थांबायचं? उत्तर व्हॉइस नोटने पाठवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!