मोटेपासून मोटारीपर्यंत : वऱ्हाडातील चामडे राखण्याच्या परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना :
वऱ्हाड हा काळ्या मातीचा, कापसाचा आणि कडक उन्हाचा प्रदेश होय. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा प्रदेशात गेल्या काही वर्षांत फिकट, मलईरंगी किंवा बदामी चामड्याची आसने असलेल्या मोटारी मोठ्या संख्येने दिसू लागल्या आहेत. ही आसने मळू नयेत, तडकू नयेत यासाठी मालक चिंतेत असतो. कोणी खोबरेल चोळतो, कोणी धुण्याच्या साबणाने घासतो, तर कोणी वर प्लॅस्टिकचे आवरण घालून मूळ चामडे झाकूनच टाकतो. वस्तुतः चामडे राखणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही. विहिरीची मोट, पाण्याची पखाल, तेलाचा बुधला, बैलांच्या वाद्या यांच्या रूपाने वऱ्हाडातील शेती व घरसंसार चामड्यावर उभा होता. मग ते राखण्याचे ज्ञान गेले कोठे? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) वऱ्हाडातील चामडे कमावण्याच्या व राखण्याच्या पारंपरिक पद्धती अभ्यासणे.
२) या ज्ञानाचा जातिव्यवस्थेशी असलेला संबंध तपासणे.
३) मोटारीतील फिकट चामड्याच्या आसनांची निगा व पारंपरिक निगा यांतील साम्यभेद स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रामुख्याने दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. वऱ्हाडी शेती आणि चामडे
१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ च्या करारानंतर तो मध्य प्रांताला जोडला गेला. या काळातील वऱ्हाडाचा इतिहास बहुधा कापूस आणि रेल्वे यांच्याभोवती लिहिला गेला. तथापि विहिरीवरील बागायत चालत होती ती मोटेवर. बैलजोडी धावेवरून उतरे, नाड्याच्या ओढीने मोट वर येई आणि सोंडेतून थारोळ्यात पाणी पडे. मोट दिवसभर पाण्यात भिजे आणि काम थांबले की उन्हात वाळे. ओलावा आणि ऊन यांचा असा आळीपाळीने मारा होत असल्याने बेपर्वाईने ठेवलेली मोट फार काळ टिकणे शक्य नव्हते. मोट फाटली तर मळा वाळे. म्हणून चामड्याची निगा हा शेतकऱ्याच्या दृष्टीने हौसेचा नव्हे, तर पोटापाण्याचा विषय होता.

२. कमावणे आणि राखणे
कच्चे कातडे प्रथम चुन्याच्या कुंडात भिजवून त्यावरील केस काढीत. नंतर ते स्वच्छ धुऊन बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवीत. वऱ्हाडातील काळ्या जमिनीत बाभूळ विपुल होती आणि इंग्रजी अमदानीत वनखात्याने येथील बाभूळबने राखली होती. बाभळीबरोबर तरवडाची साल व हिरडाही वापरीत. कातड्याची पिशवी शिवून ती टांगावयाची, तिच्यात साल व पाणी भरावयाचे आणि झिरपलेले पाणी पुन्हा पुन्हा वर ओतावयाचे, ही पद्धत ढोर (कक्कय्या) समाजातील कारागीर वापरीत. सालीतील कषाय द्रव्य कातड्याच्या तंतूंना बिलगते व त्यामुळे ते कुजत नाही. परंतु असे चामडे सच्छिद्र असते. त्यातील स्निग्धता उडाली की ते कडक होऊन तडकते. म्हणून त्याला वरचेवर तेल पाजावे लागे. ‘पाजणे’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे, कारण तेल वर राहत नसून आत मुरत असे.

या कामी एरंडेलासारखी न वाळणारी तेले उपयोगी पडत. करडईच्या बियांपासून उष्णतेने काळे, चिकट तेल काढीत आणि ते विहिरीचे दोर व पाण्यात राहणारे चामडे यांना चोळीत, अशी माहिती जॉर्ज वॅट यांच्या भारतातील आर्थिक उत्पादनांच्या कोशात (१८८९-९३) आढळते. करडई हे वऱ्हाडातीलही रब्बीचे पीक होय. शेतातील बाभळीची साल, शेतातील करडईचे तेल आणि शेतातीलच मेलेल्या जनावराचे कातडे, अशी ही स्वयंपूर्ण साखळी होती.

३. फिकट कातड्याची वेगळी रीत
बाभळीने कमावलेले चामडे तांबूस-तपकिरी होते, तेलाने व उन्हाने ते अधिक गडद बनते. त्यामुळे मोटेवर डाग पडला काय, याची चिंता कोणी करीत नसे. फिकट कातडे दिसे ते वाद्यांवर. हे कातडे न कमावलेले असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजिरीमुळे हे वाद्य अमरावती जिल्ह्यातील यावली-मोझरीपासून खेडोपाडी पोहोचले. डफ किंवा खंजिरी दमट हवेत सैल पडली तर ती शेकून घेतात. मृदंगाच्या धुमेला लावलेली कणीक वादनानंतर खरडून काढतात. तेथे तेलाचे काम नाही. कोरडेपणा, बेताची ऊब आणि हलक्या हाताने पुसणे एवढीच त्याची निगा.

म्हणजे वऱ्हाडात चामड्याच्या निगेची एक नव्हे, तर दोन शास्त्रे होती. गडद व सच्छिद्र चामड्याला तेल पाजावयाचे आणि फिकट, ताणलेल्या कातड्याला तेलापासून दूर ठेवावयाचे. कोणत्या कातड्याला काय चालते हे ते कसे तयार झाले यावर ठरते, हा विवेक या परंपरेचा गाभा होता.

४. वस्तू शुद्ध, माणूस अशुद्ध
हे ज्ञान ज्यांच्या हाती होते त्यांना समाजाने काय दिले? मेलेले जनावर ओढणे हे महारांच्या गावकामात मोडे, कातडे कमावणे ढोरांकडे आणि शिवणे-दुरुस्त करणे चर्मकारांकडे. या सर्वांची वस्ती गावकुसाबाहेर किंवा गावाच्या कडेला. त्यांनी कमावलेल्या मोटेतून आलेले पाणी सवर्णांच्या मळ्याला आणि घराला चाले, पण त्यांचा हात पाणवठ्याला चालत नसे. या विसंगतीवरच आधुनिक वऱ्हाडातील सामाजिक संघर्ष उभा राहिला. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून द्यावे, असा संदेश दिला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावती येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला.

दुसऱ्या बाजूस, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडी येथे चर्मालय चालविले. गांधीविचारांच्या प्रभावाखाली तथाकथित उच्चवर्णीयांनी हे काम स्वतः करून त्याला प्रतिष्ठा द्यावी, असा तो प्रयत्न होता. दोन्ही मार्गांचे हेतू उदात्त होते. परंतु ज्याच्यावर हे काम जन्माने लादले गेले होते त्याने ते नाकारणे हाच अधिक मूलगामी मार्ग होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन दंडनीय ठरविले.

पुढे तेलावरील इंजिने व वीजपंप आले आणि मोट अडगळीत गेली. १९७४ मध्ये राज्य शासनाने चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन केले, ते आज संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाते. तरीही नव्या पिढीने हा व्यवसाय सोडणे स्वाभाविक होते. खेद त्याचा नाही. खेद याचा आहे की, व्यवसाय सुटण्यापूर्वी त्यातील ज्ञानाची नोंद ज्यांनी करावयास हवी होती त्या लिहित्या-वाचत्या वर्गाने ती केली नाही, कारण त्याच्या लेखी ते ज्ञानच नव्हते.

५. मोटार, रेग्झीन आणि फिकट आसन
सुरुवातीच्या मोटारींत घोडागाडीच्या परंपरेतील खऱ्या चामड्याच्या गाद्या असत. स्वातंत्र्योत्तर काळात अँबेसेडर व फियाट या गाड्यांतून ‘रेग्झीन’ सर्वपरिचित झाले. मुळात हे लेप दिलेल्या कापडाच्या एका इंग्रजी उत्पादनाचे नाव, पण आपल्याकडे ते सर्व कृत्रिम चामड्याला लागू झाले. १९९१ नंतरच्या उदारीकरणात मोटारींचे प्रकार वाढले व फिकट अंतर्भाग प्रतिष्ठेचा मानला जाऊ लागला. उष्ण प्रदेशात त्याला व्यावहारिक आधारही आहे, कारण फिकट पृष्ठभाग काळ्याच्या तुलनेत कमी तापतो.

हे चामडे मात्र मोटेचे चामडे नव्हे. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ याने अमेरिकेत क्रोमियम क्षारांनी चामडे कमावण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. या पद्धतीने कित्येक आठवड्यांचे काम थोड्या अवधीत होऊ लागले. मोटारीच्या आसनाचे चामडे बहुधा याच रीतीने कमावून त्यावर रंगाचा थर व सर्वांत वर पारदर्शक संरक्षक लेप देतात. म्हणजे आपला हात लागतो तो चामड्याला नव्हे, तर लेपाला. येथेच तेल चोळण्याची जुनी सवय फसते. तेल आत मुरत नाही. ते वर राहून काळी धूळ व कापसाचे तंतू धरून ठेवते आणि फिकट आसन अधिकच मळते.

त्यामुळे आजची निगा खंजिरीच्या निगेला अधिक जवळची आहे. प्रथम धूळ मऊ कुंचल्याने किंवा धूळशोषक यंत्राने काढावी, कारण मातीचे कण चोळले गेल्यास लेपावर चरे पडतात. नंतर पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब घालून, त्यात मऊ कापड बुडवून घट्ट पिळावे व हलक्या हाताने पुसावे. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून सावलीत वाळू द्यावे. कोणतेही नवे द्रव्य प्रथम आसनाच्या न दिसणाऱ्या भागावर वापरून पाहावे. चामडे हे स्वभावतः आम्लधर्मी असते, म्हणून धुण्याचा सोडा व कपड्यांचा साबण त्याला मानवत नाही. शाईचा डाग स्पिरिटने घासल्यास डागाबरोबर रंगही निघतो. नव्या जीनच्या कापडाचा निळा रंग फिकट आसनास लागतो, तो ताजा असतानाच पुसावा. डोक्याचे तेल, हळद व घाम यांचेही तसेच. उन्हात बंद मोटारीचे आतील तापमान बाहेरपेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते. तेव्हा सावलीत गाडी लावणे व काचेवर पडदा धरणे हे कोणत्याही महागड्या द्रव्याहून श्रेयस्कर होय.

शिवाय बाजारात ‘लेदर’ म्हणून जे दिले जाते ते पुष्कळदा कृत्रिम असते. मोट घेणाऱ्या शेतकऱ्याला कातडे कोणत्या जनावराचे व कमावले कोणी, हे माहीत असे. मोटार घेणाऱ्याला ते चामडे आहे की नाही, हेही माहीत नसते.

निष्कर्ष :
१) वऱ्हाडात चामडे राखण्याची परंपरा स्थानिक साधनांवर आधारलेली व अनुभवसिद्ध होती.
२) तेल देणे हा तिचा सार्वत्रिक नियम नव्हता. कातड्याची जात ओळखून निगा ठरविणे हा तिचा नियम होता. आज सवय उरली व विवेक हरवला.
३) हे ज्ञान हरवण्याचे कारण केवळ यंत्रयुग नसून ज्ञानधारकांना अस्पृश्य मानणारी समाजव्यवस्था हेही आहे.
४) फिकट आसनाची योग्य निगा म्हणजे धूळ, ऊन व तेल यांपासून बचाव आणि कमीत कमी पाण्याने सौम्य सफाई.

ज्या गाडगेबाबांच्या नावाने अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते त्यांनी हाती खराटा घेऊन सफाईच्या कामाला प्रतिष्ठा दिली. चामड्याचे आसन पुसताना आपण वस्तूला जो मान देतो, तो तिला प्रथम आकार देणाऱ्या हातांना आपल्या पूर्वजांनी नाकारला होता, याचे भान ठेवणे हेही त्या प्रतिष्ठेचेच अंग होय. गावोगावी आज हयात असलेल्या वृद्ध कारागिरांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवणे, हे या विभागातील इतिहास अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य आहे.