सार्वजनिक रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे हक्क : धोरण कागदावर आहे, तक्रारही कागदावर हवी

माटुंग्याच्या उत्तरेला सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दक्षिणेला परळचे केईएम आणि पूर्वेला वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय. ही तिन्ही महापालिकेची. १८९० साली सुरू झालेले ॲक्वर्थ तर पूर्वी माटुंग्याचे कुष्ठालय म्हणूनच ओळखले जाई. माटुंगा लेबर कॅम्प आणि आसपासच्या वस्त्यांतील अनेक घरांची चूल अशा रुग्णालयांतील नोकरीवर पेटली आहे. कोणाची आई आया, कोणाचे वडील वॉर्डबॉय, कोणी सफाई कामगार. आता त्याच घरांतील मुली परिचारिका आणि डॉक्टर म्हणून तिथे जात आहेत.

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका विहारात महिलांची बैठक होती. एका सार्वजनिक रुग्णालयात कंत्राटावर सफाई करणाऱ्या ताईंनी सांगितले, "कचऱ्याच्या पिशवीतली सुई हातात घुसली. मुकादम म्हणाला, साबणाने धू आणि कामाला लाग. तू कंत्राटी आहेस, तुझ्यासाठी इथे काही नाही." हे साफ खोटे होते. त्यांच्यासाठी चार कायदे होते, पण ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

दोन घटना, दोन धडे

केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या तळघरात हल्ला झाला. हल्लेखोर तिथलाच सफाई कर्मचारी होता. त्याला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासाठी तेव्हा ना स्वतंत्र कायदा होता ना समिती. होती ती सहकाऱ्यांची साथ. परिचारिकांनी संप केला आणि १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली.

दुसरी घटना आपल्या पिढीची. जळगावची डॉ. पायल तडवी ही आदिवासी तडवी भिल्ल समाजातील तरुणी नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात जीवन संपवले. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळ आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या आरोपांचा निर्णय न्यायालय करील. पण घरच्यांचे म्हणणे असे, की छळाची गोष्ट त्यांनी आधीच वरिष्ठांच्या कानावर घातली होती. १९७३ साली कायदा नव्हता. २०१९ साली रॅगिंगविरोधी कायदा होता, ॲट्रॉसिटी कायदा होता, समित्याही होत्या. तरीही पायल वाचली नाही. पहिला धडा एकजुटीचा आहे. दुसरा हा, की नियम आपोआप चालत नाहीत, ते चालवायला लावावे लागतात.

जातीय छळ : कोणता कायदा?

निवासी डॉक्टर आणि परिचर्येच्या विद्यार्थिनी कर्मचारी म्हणून राबतात आणि विद्यार्थीही असतात. त्यामुळे त्यांना महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदाही लागू होतो. तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवणे बंधनकारक आहे. प्रमुखाने यात कसूर केली, तर त्याने रॅगिंगला साथ दिली असे कायदा मानतो.

जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहेच. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या लोकसेवकालाही या कायद्यात शिक्षा आहे. मात्र जातिवाचक शिवीगाळ वा अपमान लोकांच्या समक्ष झाल्याचे दाखवावे लागते. म्हणून वॉर्डात कोण हजर होते, कोणी ऐकले, ती नावे त्याच दिवशी लिहून ठेवा.

"तुम्ही बौद्ध झालात, मग ॲट्रॉसिटी कशी?" असे आजही विचारले जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींचा केंद्राच्या अनुसूचित जाती आदेशात समावेश झाला आहे. जातीचा दाखला नीट असला की या प्रश्नाला उत्तर मिळते. घरातील तरुणांनी तो वेळीच काढून ठेवावा.

लैंगिक छळ

विशाखा खटल्याच्या १९९७ च्या निकालानंतर २०१३ साली कायदा आला. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. कायम, बदली, रोजंदारी, कंत्राटी, शिकाऊ अशा सर्व महिलांना दाद मागता येते. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची. सबळ कारण असल्यास आणखी ३ महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. त्या काळात बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

सुई, रक्त आणि कचरा

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे, बूट, मास्क अशी साधने, प्रशिक्षण, हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी मिळालीच पाहिजे. कामगार कंत्राटी आहे म्हणून यातून सूट नाही.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पण तिथे थांबू नये. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशा संस्थांवर कर्मचाऱ्यांना ही औषधे आणि सुरक्षेची साधने पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. अपघाताची नोंद वहीत करवून घ्या. नोंद नसेल तर उद्या आजार निघाल्यावर भरपाई मागणे कठीण जाते.

कंत्राट आणि प्रसूती

कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील हे तत्त्व नव्या श्रम संहितेतही कायम आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिल्यावर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. ते रस्त्यावरचे कामगार होते, पण रुग्णालयातल्यांनीही तो लढा समजून घ्यावा.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आज पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले, की प्रसूतीचा लाभ कायम नसलेल्या कामगार स्त्रियांनाही मिळतो.

तक्रार कशी करावी?

१. तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ, ठिकाण, शब्द आणि साक्षीदार लिहा.

२. अर्ज अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात आवक विभागात द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच जपून ठेवा.

३. एकटे जाऊ नका. युनियनचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता सोबत न्या.

४. समितीत कोण आहे, किती कंत्राटी कामगारांना लस दिली, कंत्राटाच्या अटी काय, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

५. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते (१५१००). अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६६. मनावर ताण असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानस १४४१६ वर कोणत्याही वेळी बोला आणि घरच्यांनाही सांगा.

विहारातून काय करता येईल?

रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास द्या. वस्तीतील किती जण रुग्णालयांत काम करतात, कोण कायम, कोण कंत्राटी, कोणाला लस मिळाली, याची एक वही करा. अर्ज लिहून देणारे दोन तरुण आणि सोबत जाणाऱ्या दोन महिला ठरवा. सुई टोचलेल्या त्या ताईंना आम्ही भेटलो तेव्हा ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. त्यांची तपासणी करून घेतली, लसीसाठी अर्ज दिला, पोच घेतली. महिनाभरात त्यांच्या पाळीतील सर्व सफाई कामगारांना लस मिळाली. ज्या मुकादमाने "तुझ्यासाठी इथे काही नाही" म्हटले होते, तोच रांग लावत होता.