परिदंत विकारांतील सूक्ष्मजंतूंची ओळख

हिरड्या आणि दातांना आधार देणारी ऊतके व अस्थी यांचा ऱ्हास करणाऱ्या विकारांशी (उदा., पायोरिया) संबंधित सूक्ष्मजंतू ओळखण्याच्या प्रयोगशालेय पद्धती. पद्धत बदलली तशी विकारास कारणीभूत मानलेल्या जंतूंची यादीही बदलत गेली.

सूक्ष्मदर्शन : आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी दातांवरील पुटात पाहिलेल्या हलत्या जीवांचे वर्णन १६८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळविले. हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये दाखविले की, दात स्वच्छ करणे थांबविल्यास सुमारे तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात व पुटात सर्पिल जंतू दिसू लागतात. ही पद्धत जलद व स्वस्त आहे. परंतु केवळ आकारावरून जाती ठरत नाही.

संवर्धन : रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये घन माध्यमावर शुद्ध संवर्धन करण्याचे तंत्र मांडले. विलोबी मिलर यांनी मुखातील जंतूंच्या अभ्यासात संवर्धनाचा उपयोग केला व त्यावरील ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध केला. हिरडीच्या खोल कोशांतील पुष्कळ जंतूंना मात्र ऑक्सिजन घातक असतो. त्यामुळे ऑक्सिजनरहित कोठड्या प्रचारात आल्यावरच त्यांचा नीट अभ्यास होऊ लागला. जिवंत जंतू हाती येत असल्याने कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे याच पद्धतीने थेट तपासता येते.

डीएनए परीक्षण : सिग्मंड सॉक्रान्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये एकाच पटलावर अनेक नमुने व अनेक जाती तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्या आधारे १९९८ मध्ये पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया व ट्रेपोनेमा डेंटिकोला या तीन जातींचा ‘लाल समूह’ निश्चित झाला. पुढे पीसीआर व जनुकक्रमवाचन यांमुळे संवर्धनात न वाढणारे जंतूही उजेडात आले. मृत जंतूंचा डीएनएही या परीक्षणांत सापडतो, ही त्यांची मर्यादा होय.

हीच मर्यादा प्रयोगशाळेपासून दूरच्या प्रदेशात सोयीची ठरते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणहून गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयापर्यंत (स्थापना १९८०) नमुना न्यावयाचा झाल्यास संवर्धनासाठी जंतू वाटेत जिवंत ठेवावे लागतात. डीएनए परीक्षणास ती अट नसते. तथापि हे जंतू निरोगी मुखातही आढळत असल्याने केवळ त्यांच्या अस्तित्वावरून विकाराचे निदान होत नाही; त्यासाठी कोशाची खोली मोजणे व क्ष-किरण चित्र घेणे आवश्यक असते.