मुरारचे रण आणि पाच मिनिटांची चित्रफीत

मुरार हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांस ग्वाल्हेरचे एक उपनगर म्हणूनच ठाऊक असेल. १८४४ च्या तहानंतर इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली जी कंटिंजंट फौज उभी राहिली, तिची ही छावणी. १४ जून १८५७ रोजी येथील शिपाई उठले. १ जून १८५८ रोजी मुरारच्या पूर्वेस जयाजीराव शिंदे यांची बहुतेक फौज तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांना जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्र्याची वाट धरावी लागली. पुढे १६ जूनला सर ह्यू रोझने मुरार घेतले. १८८६ साली मुरार आणि ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे परत आला, पण त्याच्या मोबदल्यात झाशी इंग्रजांच्या पदरात पडली. जिच्यासाठी राणीने प्राण वेचले ती नगरी अदलाबदलीच्या तराजूत जावी, यावर भाष्य न करणेच बरे.

अलीकडे शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांकडून पाच-सात मिनिटांचे माहितीपट करवून घेण्याचा प्रघात पडला आहे. उपक्रम उत्तम आहे. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि मुरारसारख्या गावी विषयासाठी फार लांब जावे लागत नाही. परंतु अशा चित्रफितींत एक दोष सहज शिरतो. पडद्यावर फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंची समाधी दिसते आणि निवेदक गंभीर स्वरात सांगतो की, मुरारच्या या रणांगणावर राणी धारातीर्थी पडली. एका वाक्यात तीन स्थळे आणि दोन दिवस एकमेकांत मिसळले! मुरारची लढाई १६ जूनची. ज्या चकमकीत राणी घायाळ झाली असे मानतात, ती दुसऱ्या दिवशीची, कोटा की सराय येथील. ते ठिकाण शहराच्या आग्नेयेस आहे आणि तेथे ब्रिगेडियर स्मिथची पलटण चालून आली होती. समाधी आहे ती तिसऱ्याच जागी, स्वर्णरेखा नाल्याच्या परिसरात. घोडा त्या नाल्यापाशी अडला आणि गंगादास बाबांच्या मठात राणीला अग्नी दिला, अशी तेथील परंपरा सांगते. चकमकीची तारीख लष्करी नोंदींत १७ जून आहे. ग्वाल्हेरात बलिदान दिवस १८ जूनला पाळतात.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या कामात इतकी चिकित्सा कशाला? चिकित्सा येथेच हवी. पुस्तकातील चूक वाचकाच्या डोळ्यांसमोर अक्षररूपाने उभी राहते व तिच्यावर बोट ठेवता येते. चित्रातील चूक प्रत्यक्ष पाहिल्यासारखी मनात बसते. आमच्या व्यवसायात या भेदाला फार मोल आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ६० वे कलम सांगत असे की, तोंडी साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे. ज्याने पाहिले त्यानेच ‘मी पाहिले’ असे म्हणावे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व ढळलेले नाही. माहितीपटाची आखणी करणाऱ्या विद्यार्थ्याने कॅमेरा हाती घेण्यापूर्वी हा एवढा धडा गिरवावा.

याचे मराठीतले उत्तम उदाहरण ग्वाल्हेरशीच निगडित आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. तेथली तोफांची मारगिरी, कत्तल आणि लूट यांचे ‘माझा प्रवास’मधील वर्णन डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे आहे. राणीच्या अंताची हकीकत मात्र त्यांच्या कानी आलेली आहे. भटजी दोन्ही एकाच ओघात सांगतात. फरक वाचकाने ओळखावयाचा. चित्रफितीत मात्र तो फरक दाखविण्याची जबाबदारी करणाऱ्यावर येते.

या पुस्तकाचे पुढचे चरित्रही बोधप्रद आहे. गोडसे भटजींच्या हयातीनंतर, १९०७ साली, ते छापले चिंतामणराव वैद्य यांनी. हे वैद्य स्वतः कायदेपंडित आणि ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश राहिलेले. तरीही त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली व काही मजकूर गाळला. १९०७ साल लक्षात घेता त्यांची अडचण समजण्याजोगी आहे. पण त्यांनी मूळ हस्तलिखित नाहीसे होऊ दिले नाही, आणि म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता वाचकांपुढे ठेवता आली. संकलकाने काय गाळले हे आज ताडून पाहता येते. विद्यार्थी मात्र पाच मिनिटांची चित्रफीत सिद्ध होताच तासाभराचे मूळ चित्रण पुसून टाकतात, का, तर मोबाईलमध्ये जागा उरत नाही! वृद्धाची जी मुलाखत अर्ध्या मिनिटावर आणली, तिचा उरलेला भाग कदाचित अधिक मोलाचा असेल.

आखणीविषयी बोलावयाचे तर आपल्या मराठी माणसांनी हा धडा फार पूर्वी घालून दिला आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो समारंभही टिपला. जे डोळ्यांपुढे घडत होते ते त्यांनी घेतले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणे पेरले आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकच चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाभराचा पट केला. एका मिनिटासाठी महिनाभराची धीराची आखणी! फाळक्यांनी वेल वाढू दिला. कापडी वेल आणून उभा केला नाही. रण संपून दीड शतकाहून अधिक काळ लोटल्यावर मुरारच्या विद्यार्थ्यापाशी तो अंकुर नाही, हे मान्य. त्याच्यापाशी आज उभ्या असलेल्या जागा, कागद आणि सांगणारी माणसे एवढेच आहे. मग तेच दाखवावे. लाकडी तलवारी घेऊन मैदानात धावणारे वर्गमित्र दाखवावयाचे असतील तर ‘हे आम्ही रचलेले दृश्य’ अशी अक्षरे खाली असावीत.

परीक्षण करणाऱ्यांसही एक सुचवितो. पाच मिनिटांत पाचशे-सहाशे शब्दांहून अधिक निवेदन मावत नाही. ते कागदावर मागून घ्यावे आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचा आधार लिहवून घ्यावा. नंतर चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहावी, एकदा डोळे मिटून ऐकावी. समाधीचे चित्र व मुरारचे वाक्य यांची गाठ कोठे खोटी पडली आहे ते लगेच उमगते. संगीत आणि झेंड्यांची फडफड यांना गुण देण्याची घाई नको.

हा प्रश्न केवळ ग्वाल्हेरचा नाही. गोमंतकातल्या आमच्या देवळांतून मुले आता पालखीचे, जत्रेचे चित्रण करतात. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आले ही सोळाव्या शतकातील घटना. ती पाहणारा कोणी आज उरलेला नाही. पण कोणत्या घराण्याकडे कोणती सेवा आहे, नाव घेण्याची रीत कोणती, हे सांगणारी आजी अजून सोप्यावर बसलेली असते, आणि ती कोंकणीतच सांगते. तिचे बोलणे काढून त्यावर मराठी निवेदन चढविण्यापेक्षा तिची कोंकणी राहू द्यावी आणि खाली मराठी अक्षरे द्यावीत. मूळ चित्रणाची एक प्रत देवस्थानच्या दप्तरात जमा करावी, चित्रणाची तारीख व सांगणाऱ्याचे नाव लिहून. नाव देण्यापूर्वी अर्थातच आजीला विचारून.