बडोद्याचा खटला आणि नाशिकचा खटला

आपल्या बडोद्यात जुन्या मराठी घरात मल्हारराव महाराजांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे त्यांनी ओतवलेल्या सोन्याच्या तोफा आणि दुसरी म्हणजे रेसिडेंटाला विष घातल्याचा आरोप. तोफा खऱ्या, त्याबद्दल वाद नाही. विषाचे मात्र दीडशे वर्षे झाली तरी नक्की ठरलेले नाही. आजोबा-पणजोबांकडून ऐकताना कोणी म्हणते महाराजांनीच घातले, कोणी म्हणते गोऱ्या साहेबाने बनाव केला. या लेखात तो निकाल मी लावणार नाही. त्या खटल्यात पुराव्याचे काय झाले ते पाहू आणि मग आपल्याच काळातल्या एका खटल्याकडे वळू, ज्यात सहा माणसे फासाच्या दोराजवळ जाऊन परत आली.

खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये वारले आणि त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्याआधी कित्येक वर्षे ते पादऱ्याला कैदेत होते. आरोप काय, तर थोरल्या भावाच्या जिवावर उठल्याचा. म्हणजे गादीवर येण्याआधीच ते एका संशयाचे कैदी होते. गादीवर आल्यावर त्यांचा कारभार चांगला झाला असे कोणी म्हणणार नाही. खंडेरावांच्या वेळचे दिवाण भाऊ शिंदे त्यांच्या कैदेत वारले आणि तेव्हाही विषाची कुजबुज झाली. रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की इंग्रज सरकारने १८७३ साली चौकशी नेमली आणि सुधारणेसाठी १८७५ अखेरपर्यंत मुदत दिली. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले ते याच काळात.

रेसिडेंट होते कर्नल फेअर. त्यांचे आणि महाराजांचे अजिबात पटत नव्हते. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता पाठवून फेअरना बदलण्याची मागणी केली. त्यानंतर आठच दिवसांत, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आलेल्या फेअरसाहेबांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. चव बरी लागली नाही म्हणून उरलेले फेकले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि पुढे मुंबईच्या रासायनिक तपासनिसांनी त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगितले.

सरकारने फेअरना हलवले आणि सर लुईस पेली यांना पाठवले. तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन आले. डिसेंबरात रेसिडेन्सीचा हवालदार रावजी पकडला गेला. माफीचे वचन मिळाल्यावर त्याने कबुली दिली की पूड मीच टाकली, महाराजांच्या सांगण्यावरून. जमादार नरसूनेही कबुली दिली. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. त्यानंतर त्यांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनीही अटकेत असताना, माफीच्या आश्वासनावर, विष आपणच मिळवून दिल्याचे सांगितले.

२३ फेब्रुवारी १८७५ ला कमिशन बसले. सर रिचर्ड काउच अध्यक्ष, मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी आणि तिघे हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने महाराजांच्या बाजूने आवाज उठवला आणि रोजच्या साक्षी वर्तमानपत्रांतून मराठी माणूस वाचत होता.

बॅलंटाइन यांनी जे मुद्दे काढले ते आजही कोणाला समजतील असे आहेत. मुख्य साक्षीदार तिघेही स्वतः गुन्ह्यात सामील असल्याचे सांगणारे. त्यातल्या रावजी आणि दामोदरपंत यांची सुटका महाराजांविरुद्ध बोलण्यावर अवलंबून. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण कबुलीजबाबानंतर, तीही पोलिसांच्या हाती. हिऱ्यांच्या व्यवहाराशी ज्याचे नाव जोडले होते त्या जव्हेऱ्याने कमिशनपुढे येऊन पोलिसांपुढचा आपला जबाबच नाकारला. आणि सर्वांत साधा प्रश्न: ज्याने आठवड्यापूर्वी सरकारकडे रीतसर बदली मागितली, तो त्याच माणसाला विष का घालील?

याला उत्तर असू शकते. सत्ता हातची जाताना माणूस काय करील सांगता येत नाही. म्हणूनच मी म्हणतो की खरे काय ते ठाऊक नाही. कमिशनलाही एकमताने ठरवता आले नाही. तीन इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला, तीन हिंदी सभासदांनी मानला नाही. तीन विरुद्ध तीन. संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा होता. सरकारने वेगळी वाट काढली. विषाच्या निकालावर विसंबून नव्हे तर गैरकारभार आणि नालायकी ही कारणे दाखवून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठवले. तिथेच १८८२ साली ते वारले. २७ मे १८७५ ला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक आला. त्यालाच आपण सयाजीराव महाराज म्हणतो.

सयाजीरावांमुळे बडोद्याचे सोने झाले, त्यामुळे १८७५ चा अन्याय, असलाच तर, आपण मनातल्या मनात माफ करून टाकला. निकाल चांगला लागला की वाट कशी होती हे कोणी विचारत नाही.

आता दुसरा खटला. तोही नाशिक जिल्ह्यातला.

जून २००३ मध्ये तिथे शेतात झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातले दोघे जखमी होऊन वाचले. गुन्हा इतका क्रूर होता की ऐकणाऱ्याचे रक्त उसळावे. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. फेरविचाराचा अर्ज २०१० मध्ये फेटाळला गेला. कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ सगळे संपले होते.

पुढे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरवले की फाशीच्या कैद्याचा फेरविचार अर्ज बंद खोलीत कागद फिरवून निकाली काढता येणार नाही, तो खुल्या कोर्टात ऐकला पाहिजे. त्यानंतर या सहा जणांचा अर्ज पुन्हा ऐकला गेला. ५ मार्च २०१९ ला न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. न्या. शहा आपल्या गुजरात हायकोर्टातून वर गेलेले.

काय निघाले? वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. ही नोंद तपासाच्या कागदांतच होती. त्या चौघांवर खटला भरला गेला नाही आणि मागाहून झालेल्या ओळख परेडीवर या सहा जणांना फाशी झाली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई, चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई आणि त्या चौघांविरुद्ध पुढील तपासाचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती.

सरकारी नोकरीत कागदांशी रोजचा संबंध असल्याने मला या खटल्यात सर्वांत भयंकर वाटते ती ती नोंद. ती हरवलेली नव्हती, जळालेली नव्हती. फाइलमध्ये होती. तीन कोर्टांच्या टेबलावरून ती फाइल गेली. फाइलवर एकदा वरचा शेरा पडला की खालचे पान उलटून पाहायला कोणी तयार नसते, हे कुठल्याही कचेरीतल्या माणसाला ठाऊक आहे. फरक एवढाच की आमच्याकडे चूक झाली तर पेन्शन अडकते, इथे माणूस फासावर जातो.

दोन्ही खटले शेजारी ठेवले की बरेच सारखे दिसते. गुन्हा मोठा, वरून दबाव मोठा, आरोपी लवकर हवा आणि पुराव्याचा सगळा भार कोठडीनंतर उभ्या राहिलेल्या गोष्टींवर. पण एक फरक फार मोठा आहे. मल्हाररावांकडे बॅलंटाइन होते, शंका घेणारे तीन सभासद होते आणि पुण्यात त्यांच्यासाठी बोलणारी सभा होती. या सहा मजुरांकडे त्यातले काहीच नव्हते. २००३ ते २०१९ मध्ये त्यांच्यासाठी किती वर्तमानपत्रांनी रोज रकाने भरले?

आपल्या मांडवात आरतीनंतर गप्पांना बसलो की एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी निघते आणि कोणीतरी म्हणतेच, असल्यांना भर चौकात फाशी द्या, कोर्टकचेऱ्या कशाला. बोलणाऱ्याचा राग खोटा नसतो. ज्यांच्या घरात मुलीबाळी आहेत त्यांना तो येणारच. पण नाशिकच्या प्रकरणात तो राग लगेच पुरा केला असता तर २०१० नंतर कधीही सहा निरपराध माणसे गेली असती आणि २०१९ चा निकाल त्यांच्या समाधीवर वाचावा लागला असता. शिवाय ज्या पाच जणांचे प्राण गेले त्यांनाही न्याय मिळाला नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार आपोआप सुटतो, हे रागाच्या भरात आपण विसरतो.

फाशी असावी की नसावी यावर आपल्यात मतभेद राहतील, राहू द्यावेत. एका गोष्टीवर मात्र मतभेद नको. जन्मठेपेची चूक सापडली तर कैद्याला तुरुंगातून बाहेर काढता येते, गेलेली वर्षे परत देता आली नाहीत तरी. फाशीची चूक सापडली तर दार उघडून काढायला आत कोणी नसते. म्हणून त्या शिक्षेआधीचे प्रत्येक पान उलटून पाहिले गेलेच पाहिजे, मग आरोपी राजा असो की झोपडीतला मजूर.

गणपतीला आपण बुद्धीची देवता मानतो. यंदा मांडवात असा विषय निघाला तर "फाशी द्या" म्हणण्याआधी "पुरावा काय आहे?" एवढे विचारण्याची सवय आपण आपल्या मुलांना लावू या.